देवनागरी लेटरिंग शिकायचंय? 'कोल्हापूर' हा एकच शब्द घ्या आणि बसा

अप्लाइड आर्टच्या थर्ड इयरला येईपर्यंत मला टायपोग्राफी म्हणजे चांगला फॉन्ट शोधणं एवढंच वाटायचं. आता ज्युनिअर पोरं विचारतात की लेटरिंग, म्हणजे हातानं अक्षरं रेखाटणं, कुठनं सुरू करू, कुठला कोर्स लावू, आयपॅड घ्यावा लागेल का, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आयपॅड नको. बोरू (तिरका कापलेली बांबूची लेखणी), शाई, ट्रेसिंग पेपर आणि एक शब्द पाहिजे. शब्द आपल्या गावाचाच घ्या, कोल्हापूर, का ते पुढं सांगतो.

आधी दोन-तीन दिवस काही लिहू नका, नुसतं बघत फिरा. महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश, लक्ष्मीपुरी, जिथं फ्लेक्सच्या आड हातानं रंगवलेली जुनी पाटी दिसेल तिथं थांबा आणि समोरून सरळ फोटो काढा. तालमींची नावं तर आवर्जून बघा, त्या अक्षरांना अंग असतं. बाबूराव मेस्त्रींना लोकांनी बाबूराव पेंटरच केलं ते याच गावात, आणि त्यांनी 'सैरंध्री' हा सिनेमा काढला 1920 साली, तेव्हा पोस्टरही स्वतःच रंगवायचे, म्हणजे ब्रश आपल्याकडं जुना आहे.

गाड्यांच्या नंबरप्लेटपण बघा. 214 चा 'राम' केलेला असतो, 4141 चा 'पापा', आणि आपण ते न अडखळता वाचतो. म्हणजे सांगाडा पोचला की डोळा वाचतोच, पण वाचता येणं वेगळं आणि अक्षर चांगलं असणं वेगळं, आपल्याला दुसरं शिकायचंय.

मग बोरू. इथं मी एक महिना घालवला, तुमचा जाऊ नये. रोमन कॅलिग्राफीचा पेन घेऊन देवनागरी गिरवली तर जाड-बारीक उलटं पडतं, कारण देवनागरीच्या बोरूचा काप त्याच्या उलट्या दिशेला तिरका असतो. मला कळेना अक्षर परकं का दिसतंय, शेवटी सरांनी बोरू हातात घेऊन नुसता काप बघितला आणि परत दिला. साधारण 45 अंशाचा काप द्या, मधे बारीक चीर पाडा म्हणजे शाई धरते. त्या कापानं शिरोरेषा आणि काना जवळपास सारख्याच जाडीचे येतात, हे जुळलं की समजा बोरू बरोबर आहे. काना बोरूच्या जाडीच्या पाचपट उंच ठेवा, मला तरी तेच माप सोयीचं पडलं. आणि कित्ता गिरवायला लाजू नका.

माझं खरं शिक्षण मात्र एका पेंटर काकांकडं झालं. दुकानाचं शटर रंगवत होते, मी गाडी लावून तासभर उभा. खडूची पूड लावलेली दोरी ताणून सपकन सोडली, दोन ओळी उमटल्या, आणि मग अक्षरं न लिहिता त्यांनी खडूनं आधी नुसते काने मारले, सगळ्या शब्दाचे. लांब जाऊन बघितलं, एक काना बोटभर सरकवला, आणि मग ब्रश उचलला. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. विचारलं तर म्हणाले, "काना जाग्यावर बसला की बाकीचं बसतंयच बघ."

घरी येऊन मी 'कोल्हापूर' तसंच मांडलं आणि तेव्हा हा शब्द किती अवघड आहे ते समजलं. उभ्या रेषा मोजा. 'क' चा दांडा, लगेच पुढं 'को' चा काना, मधे फक्त 'क' चा उजवा गोल. मग 'ल्ह', त्यात सरळ उभी रेष नाहीच, मोठी मोकळी जागा. मग काना, मग 'प' चा दांडा, आणि शेवटी 'र', त्याच्या उजवीकडं सगळं उघडं. सगळ्यांत सारखं अंतर पट्टीनं ठेवलं तर सुरवातीला गर्दी दिसते आणि मधे भोक पडतं, म्हणून अंतर पट्टीनं नाही, पोकळीनं मोजायचं. ट्रेसिंग पेपर टाका आणि अक्षरांऐवजी मधली पांढरी जागा पेन्सिलनं काळी करा, कुठली पोकळी जड झाली ते लगेच दिसतं. अजून एक गंमत म्हणजे मात्रा वर डावीकडं झुकते आणि 'पू' चा ऊकार खाली उजवीकडं उतरतो, या दोघांचं वजन तोललं की शब्द उभा राहतो. कमल शेडगेंनी नाटकांची नावं लिहिली आहेत ती काढून बघा, मात्रा-ऊकार अक्षराचे अवयव कसे होतात ते तिथं कळतं.

'ल' आपलाच काढा, दोन पाकळ्यांचा. हिंदीचा दांड्याचा 'ल' आणि गाठीचा 'श' बऱ्याच फॉन्टमधे आपोआप येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, मला मात्र आता मराठी लग्नपत्रिकेवर तो दिसला की टोचतं. फॉन्ट घेताना 'शाल', 'लक्ष्मी', 'दऱ्या' आणि 'दर्या' टाइप करून बघा, 'दऱ्या' आणि 'दर्या' सारखेच दिसले तर तो फॉन्ट मराठीला चालणार नाही.

कॉम्प्युटरवर जायची वेळ आली की एक सेटिंग आधी करा. इलस्ट्रेटरमधे प्रेफरन्सेसमधल्या टाइपमधे इंडिक ऑप्शन्स चालू करायचे आणि पॅराग्राफ पॅनलमधनं साउथ एशियनवाला कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) निवडायचा, इनडिझाइनमधे वर्ल्ड-रेडी कंपोझर. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं न बसता उजवीकडं जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. मंडळाच्या फ्लेक्सवर माझं असं झालंय, रात्री अकराला प्रिंट हातात आल्यावर दिसलं आणि तोवर उशीर झाला होता.

बाकी पेन टूल वगैरे यूट्यूबवर मिळेल.

शब्द झाला की ए-फोरवर काढून भिंतीला लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे किलकिले करा, जिथं पहिल्यांदा नजर अडकते तिथं दुरुस्ती. मग तोच शब्द अंगठ्याएवढा करून बघा. माझ्या आत्ताच्या कागदावर 'ह' आणि पुढच्या कान्याच्या मधे अजून फट दिसतीय, उद्या काना केसभर डावीकडं घेऊन परत ट्रेस करणार.