जपान-कोरियाला घरच्यांना घेऊन निघालात? या चुका टाळा

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की माझा फोन वाजायला लागतो. "अगं, मुलांना सुट्टी लागतेय, जपान आणि कोरिया एकदमच करून टाकू म्हणतोय, जरा बघतेस का?" मी पुण्यात जपानी शिकले, पुढे कामासाठी आणि नंतर घरच्यांना घेऊन दोन्ही देशांत बऱ्याचदा गेले, म्हणून नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या मैत्रिणी सगळे विचारतात. विचारतात याचा मला आनंदच आहे. दुःख याचं होतं की बहुतेक जण तिकिटं काढून झाल्यावर विचारतात. तोवर चूक होऊन गेलेली असते, आणि दरवर्षी तीच असते.

तिकीट आधी, व्हिसाचा विचार नंतर

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगते. तो, वहिनी, दोन मुलं आणि मावशी-काका, अशी सहा माणसं. मुंबई-टोकियो-मुंबई असं जाऊन-येऊन तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून त्याने लगेच काढलं. मग मधल्या पाच दिवसांसाठी टोकियो-सोल-टोकियो अशी वेगळी तिकिटं काढली. शेवटच्या दोन रात्री टोकियोत, खरेदीसाठी. एक मोठी बॅगही तिथल्या हॉटेलात ठेवून दिली, परत येणारच आहोत म्हणून.

जपानचा त्यांचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा होता. पर्यटकांना सहसा तोच मिळतो. टोकियोतून सोलला उडाल्या क्षणी तो संपला.

पहाटे साडेचारला माझा फोन वाजला, तेव्हा सोलमध्ये सकाळचे आठ झाले होते. विमानतळावरच्या काउंटरवरच्या मुलीने सहाही पासपोर्ट उघडून पाहिले आणि शांतपणे सांगितलं, जपानचा व्हिसा वापरून झालाय, विमानात घेता येणार नाही. काकांना वाटत होतं की परतीचं तिकीट दाखवलं की सोडतील. नाही सोडत. मी फोनवर जपानीत बोलून काही होईल का, असं वहिनी विचारत होती. काहीच होण्यासारखं नव्हतं. टोकियो-मुंबईची सहा तिकिटं गेली, दोन रात्रींचं हॉटेल गेलं, आणि संध्याकाळच्या विमानाची सिंगापूरमार्गे नवी तिकिटं ऐनवेळच्या भावाने काढावी लागली. ती बॅग दीड महिन्याने कुरिअरने घरी आली. तिकिटं काढून देणाऱ्याने प्रवेश किती वेळा आहे हे एकदाही विचारलं नव्हतं, आणि भावानेही व्हिसावरची ती ओळ वाचली नव्हती.

उपाय साधा आहे. जाताना एका देशात उतरा, येताना दुसऱ्या देशातून निघा. विमान कंपन्यांच्या साइटवर त्यासाठी 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो. मी वहीत एक सरळ रेघ मारते: मुंबई, टोकियो, क्योटो, ओसाका, सोल, मुंबई. रेघ कुठेही मागे वळली की थांबायचं. दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागता येतो, पण तो मिळेलच असं धरून पैसे भरू नका. आणि जपानचा व्हिसा आहे म्हणून कोरियात जाता येत नाही, कोरियाचा वेगळा काढावा लागतो. पासपोर्ट एकच, तो एका वेळी एकाच ठिकाणी जमा असतो, आणि एकदा प्रवेशाचा व्हिसा साधारणपणे मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरायचा असतो. म्हणून मी निघायच्या दोन महिने आधी पहिला अर्ज देते. त्याआधी नाही आणि त्यानंतर तर नाहीच.

जपानचा रेल्वे पास, डोळे मिटून

"पास घेतला की मग कितीही फिरा" हा सल्ला आता जुना झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एकेरी तिकीट साधारण १४,००० येनच्या आसपास पडतं. वरच्या सरळ रेघेवर गेलात तर हा प्रवास एकदाच करायचा आहे. मग पास कशाला?

आठ दिवसांत दोन देश

याबद्दल मी कुणाचं मन राखत नाही. आठ दिवसांत दोन देश होत नाहीत. दोन विमानतळ, चार हॉटेलं आणि बॅगा भरणं-उपसणं एवढंच होतं. दहा दिवसांपेक्षा कमी असतील तर एकच देश निवडा, दुसरा तिथेच राहणार आहे. पंधरा दिवस असतील तर मी चार टोकियो, चार क्योटो, एक कोयासान (डोंगरावरचं मठांचं गाव, त्याबद्दल पुढे), पाच सोल अशी वाटणी करते आणि एक दिवस मोकळा सोडते. त्या मोकळ्या दिवशी कुणाला काही विचारायचं नाही, ज्याला झोपायचं त्याने झोपावं. रोज पंधरा हजार पावलं सहज होतात, ती सत्तरीच्या गुडघ्यांना परवडत नाहीत.

घाई करणाऱ्यांची यादी मला दुरून ओळखू येते. सकाळी क्योटोचं फुशिमी इनारी देवस्थान, दुपारी किन्काकुजी हे सोनेरी मंदिर, संध्याकाळी जवळचं नारा शहर. फुशिमी इनारीच्या लाल कमानींखालून डोंगर चढून उतरायलाच दोन-तीन तास लागतात. संस्कृती अनुभवायला निघालो म्हणता ना? मग दिवसातून एका जागी तरी टेका. क्योटोच्या सान्जुसान्गेन्दो मंदिरात १२० मीटर लांबीच्या एकाच दालनात कान्नोनच्या १००१ मूर्ती उभ्या आहेत. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, अजिंठ्याचा पद्मपाणी तो हाच. त्यांच्यापुढे २८ रक्षक देव आहेत आणि त्यांत आपल्या ओळखीचे कितीतरी निघतात. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून बरेच जण दहा मिनिटांत बाहेर पडतात. तिथे एक तास द्या. मुलांना एकेक देव शोधायला सांगा.

तारखा

एप्रिलअखेर ते ५ मे हा जपानमधला 'गोल्डन वीक'. अख्खा देश तेव्हा प्रवासाला निघालेला असतो, आणि महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टीही नेमकी तेव्हाच सुरू होते. ऑगस्टच्या मध्यात ओबोन, म्हणजे पितरांचा सण. कोरियात सोल्लाल (नवं वर्ष) आणि छुसोक (सुगीचा सण), हे चांद्र पंचांगाने येतात म्हणून दरवर्षी तारखा पाहाव्या लागतात. मे महिन्यातच जायचं असेल तर साधारण १० तारखेनंतर निघा. जूनचा पाऊस अजून आलेला नसतो, टोकियोत सुमोची पंधरा दिवसांची स्पर्धा चालू असते, आणि सोलमध्ये बुद्धजयंतीच्या सुमाराला कागदी कंदिलांची मिरवणूक निघते. त्यांची बुद्धजयंतीही चांद्र पंचांगाने, बहुतेक मे महिन्यातच येते. चेरीच्या फुलांचा हट्ट धरणाऱ्यांना मी एवढंच सांगते की पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, आणि तो मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला, आपल्या मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत.

लहान पण महागात पडणाऱ्या

सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद, चांगदोकगुंग सोमवारी बंद. चांगदोकगुंगच्या मागच्या बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, भाड्याने घेऊन ग्योंगबोकगुंगला गेलं तर प्रवेश मोफत असतो. आजीआजोबांनाही घालायला लावा, सगळ्यांत जास्त तेच रमतात.

कोरियात गूगल मॅप्सच्या भरवशावर चालू नका. तिथलं नेव्हर मॅप ॲप निघायच्या आधी घरीच फोनवर घ्या.

शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तिच्यासाठी जागा आधी राखावी लागते. मी तर मोठ्या बॅगा हॉटेलातूनच पुढच्या हॉटेलला कुरिअरने पाठवते आणि पाठीवर एका रात्रीचं सामान ठेवते.

मुलांना टोकियोजवळच्या मिताकाचं घिबली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचं संग्रहालय दाखवायचं असेल तर दारावर तिकीट मिळत नाही. पुढच्या महिन्याची तिकिटं दर १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला सुटतात.

सोलचं बुकचोन आणि क्योटोचं गिओन हे माणसं राहतात असे मोहल्ले आहेत. बुकचोनच्या काही गल्ल्यांत संध्याकाळी पाचनंतर पर्यटकांना बंदी आहे आणि दंड होतो, गिओनच्या खासगी गल्ल्यांत तर दिवसाही बंदी आहे. कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढणं आपल्या वाड्यात आपल्याला चाललं असतं का?

हापूसची पेटी नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

'दोन्हीकडे सारखंच'

हे वाक्य सोलमध्ये मोठ्याने बोलू नये. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. ग्योंगबोकगुंगच्या अंगणात जपानी सत्तेने आपल्या कारभाराची भलीमोठी इमारत बांधली होती, ती पाडायला १९९५ साल उजाडावं लागलं. मुलांना हे जाण्याआधी सांगा, म्हणजे राजवाडा पाहताना त्यांना तो कळेल. रोजच्या वागण्यातही फरक आहे. जपानमध्ये भाताचा वाडगा हातात उचलून खातात, कोरियात तो टेबलावरच ठेवतात आणि भात चमच्याने खातात. कोरियात मोठ्यांना काही देताना दोन्ही हात लावतात, आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने सुरुवात केल्याशिवाय कुणी घास घेत नाही. भातात चॉपस्टिक उभ्या मात्र दोन्हीकडे खोचायच्या नाहीत, ते मृत्यूशी जोडलेलं आहे.

'व्हेज सांगितलं की झालं'

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिताना अजूनही हात जड होतो.

माझ्या सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षं वारी. त्यांना घेऊन क्योटोला गेलो तेव्हा प्रत्येक ठिकाणी मी सांगायचे, मांस नको, मासा नको. समोर यायचं ते साधं उदोन (रश्शातल्या जाड शेवया), भाजीचं तेंपुरा (भज्यांसारखं तळलेलं), मिसो सूप. मासा कुठेच दिसत नव्हता. चौथ्या दिवशी दुकानात सूपचं पाकीट सहज उलटून पाहिलं आणि पायाखालची जमीन सरकली. दाशी. जपानी स्वयंपाकात आपल्या फोडणीसारखी सगळीकडे असते ती दाशी, आणि नेहमीची दाशी कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाच्या किसाची. उदोनचं पाणी, तेंपुराबरोबरची आमटीसारखी वाटी, मिसो सूप, सगळ्यात तीच. आणि मी इतकी वर्षं जपानी बोलत असून विचारलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं. न सांगून चाललं नसतं. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी फक्त केळी आणि दूध घेतलं, रात्री बराच वेळ हरिपाठ म्हणत बसल्या. मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी आम्ही कोयासानला गेलो. ओसाकाच्या दक्षिणेला डोंगरावरचं हे गाव, नवव्या शतकात कूकाई या साधूने वसवलेलं. तिथल्या मठांत राहता येतं आणि जेवण असतं शोजिन र्‍योरी, भिक्षूंचं. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. दाशी समुद्रातल्या कोंबू वनस्पतीची आणि सुक्या अळंबीची. सासूबाईंनी माझ्यामार्फत दोनदा विचारलं, तिथल्या तरुण भिक्षूने दोन्ही वेळा गुडघ्यावर बसून नीट उत्तर दिलं. मग त्या तिळाचं तोफू, भात, लोणचं, सगळं पान स्वच्छ करून जेवल्या. पहाटे प्रार्थनेला बसलो. शेवटी भिक्षू म्हणू लागले, "ग्याते ग्याते हारा ग्याते", आणि संपताना "बोजि सोवाका". सासूबाईंनी माझा हात दाबला. "गं, हे स्वाहा म्हणतायत का?" होय. गते गते पारगते, बोधि स्वाहा. संस्कृतच, चीनमार्गे जाऊन जपानी तोंडात बसलेलं.

आता मी काय करते ते सांगते. घरातल्या प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असतं, एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला कोरियन. 'शाकाहारी' हा शब्द त्यावर नसतो, कारण त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. त्यावर पदार्थांची नावं असतात: मांस, मासे, कोळंबी-शिंपले, अंडं चालतं की नाही, आणि ठळक अक्षरांत कात्सुओची दाशी. कोरियन बाजूला म्योल्छी, म्हणजे रश्शासाठी उकळतात ते सुके मासे, आणि जॉत्कल, म्हणजे खारवलेली कोळंबी-मासळी. किमचीत ते बहुतेक वेळा असतंच, म्हणून "किमची तर कोबीच आहे" हे विसरा. भाषांतर फोनवर करून समाधान मानू नका, ती भाषा येणाऱ्या कुणाकडून एकदा तपासून घ्या. मठ किंवा र्‍योकान (पारंपरिक जपानी खानावळ-मुक्काम) यांना जेवणाबद्दल खोली घेतानाच कळवा. संध्याकाळी सहाला पोचून सांगितलं तर त्यांचा स्वयंपाक झालेला असतो.

घरून विजेची किटली किंवा राइस कुकर नेणाऱ्यांसाठी: जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. आपला २३० व्होल्टचा कुकर तिथे पाचवा हिस्सासुद्धा तापत नाही. कोरियात २२० व्होल्ट असल्याने तो चालतो, फक्त पिनेचा अडॅप्टर न्या.

कोरियातही मठात राहण्याची सोय आहे, २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी ती सुरू झाली. सोलमध्ये जोग्येसा मंदिरासमोर तिचं माहिती केंद्र आहे. तिथल्या भिक्षूंच्या जेवणात लसूण, कांदापात धरून पाच उग्र भाज्या वर्ज्य असतात, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या घराला काहीच परकं नाही. आमच्या मठात जेवण झाल्यावर प्रत्येकाने आपल्या वाडग्यात पाणी घेतलं, मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने आतून पुसलं आणि ते पाणी पिऊन टाकलं, एक शीत उरू नये म्हणून. मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी वाडगा तोंडाला लावला.