ऑनलाइन फॅक्स सेवा घेताय? बिलिंगवाल्यांनो, या चुका टाळा

आमच्या ऑफिसात नवीन कुणी रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "सर, फॅक्स? अजून?" एसटीडी बूथच्या काचेवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, फॅक्स’ लिहिलेलं असायचं, ते या पोरांनी पाहिलेलंही नाही. पण पुण्यात बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बिलिंग, म्हणजे त्यांच्या वतीने इन्शुरन्स कंपन्यांकडून पैसे वसूल करायचं काम, करणाऱ्या कुणालाही विचारा. अपील (नाकारलेल्या क्लेमच्या फेरविचाराचा अर्ज), मेडिकल रेकॉर्ड, प्रायर ऑथ (उपचाराआधीची इन्शुरन्सची मंजुरी), रेफरल (दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवल्याची चिठ्ठी), कितीतरी कागद आजही तिकडे फॅक्सनेच मागतात. यंत्र आपल्याकडे नसतं. अमेरिकन नंबर महिन्याच्या भाड्याने घ्यायचा, इथून पीडीएफ चढवायची, ती तिकडे फॅक्स होऊन निघते.

आम्ही आठ जण आहोत. आतापर्यंत तीन सेवा बदलल्या. त्यातल्या दोन बदलाव्या लागल्या त्या आमच्याच घाईमुळे.

पानाचा दर बघून सेवा घेणं

पहिल्यांदा आम्ही हेच केलं. एक्सेलमध्ये पाच सेवा मांडल्या, महिन्याची पानं धरली, सगळ्यात स्वस्त ती घेतली. पहिलंच बिल आलं ते अंदाजाच्या जवळपास दीडपट. कारण शोधायला बसलो तेव्हा अटी पहिल्यांदा नीट वाचल्या. येणारी पानंही कोट्यातून वजा होत होती. कव्हर पेज हे एक पान. आणि त्यांच्या लेखी ‘एक पान’ म्हणजे ६० सेकंद. पान जायला सव्वा मिनिट लागलं की दोन पानं मोजली.

पान इतका वेळ का घेतं? फॅक्सचा वेग साधारण सेकंदाला १४.४ किलोबिटचा, समोरचं यंत्र जुनं असेल तर ९.६. पांढऱ्या कागदावरचा साधा मजकूर छान आकसतो आणि अर्ध्या मिनिटात जातो. पण राखाडी पार्श्वभूमीचा फॉर्म, लायसन्सची झेरॉक्स, इन्शुरन्स कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो असलं काही असेल तर ठिपक्यांचा खच पडतो आणि घड्याळ पळत राहतं. तेव्हा दर विचारताना ‘पान म्हणजे किती सेकंद’, ‘येणारी पानं धरता का’ आणि ‘न गेलेल्या फॅक्सचे पैसे लावता का’ हे तिन्ही प्रश्न विचारा. उत्तर ईमेलवर घ्या.

‘सक्सेस’ दिसलं म्हणजे काम झालं

आमचं सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने केलं, म्हणून यावर जरा थांबतो.

आमची एआर कॉलर, म्हणजे थकलेल्या क्लेमचा पाठपुरावा करणारी मुलगी, इन्शुरन्स कंपनीला फोन लावते. समोरची बाई शांतपणे म्हणते, "नथिंग ऑन फाइल," म्हणजे काहीच मिळालेलं नाही. आपल्या स्क्रीनवर हिरवी खूण. मग भांडायचं कशाच्या जोरावर? ट्रान्समिशन रिपोर्टच्या. त्या रिपोर्टमध्ये पाच गोष्टी दिसल्याच पाहिजेत: कुठला नंबर लावला, तारीख-वेळ, किती पानांपैकी किती गेली, किती मिनिटं लागली, आणि समोरच्या यंत्राने स्वतःची ओळख म्हणून काय पाठवलं. शेवटच्याला सीएसआयडी म्हणतात. ११ पैकी ११ पानं, ६ मिनिटं ४२ सेकंद, आणि सीएसआयडीत इन्शुरन्स कंपनीचा नंबर, असा कागद हातात असला की सुपरवायझरशी बोलताना आवाज आपोआप चढतो.

आमच्या दुसऱ्या सेवेत हा रिपोर्ट होता, उत्तम होता. फक्त ३० दिवसच राहायचा. आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. एका क्लिनिकचं अपील मुदतीत पाठवलं होतं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, ‘मुदतीत मिळालं नाही, पाठवल्याचा पुरावा द्या.’ लॉगिन केलं तर त्या तारखेपर्यंतचं सगळं कोरं. सपोर्टवाल्याने नम्रपणे सांगितलं की तुमच्या प्लॅनमध्ये एवढंच साठवलं जातं, वरच्या प्लॅनमध्ये वर्षभर असतं. क्लेम गेला. डॉक्टरांना तोंड कसं दाखवायचं, हा वेगळा प्रश्न.

मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकेच्या सरकारी विम्याच्या, पहिल्या पातळीच्या अपिलाची मुदतच १२० दिवसांची आहे, आणि क्लेम भरायला सर्व्हिसच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं. अशा व्यवहारात ३० दिवसांचा लॉग म्हणजे पावसाळ्यात कागदी छत्री. आता सेवा कुठलीही असो, आम्ही रिपोर्टची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून क्लेमच्या फोल्डरमध्ये टाकतो. फाइलच्या नावात क्लेम नंबर आणि तारीख घालतो, पेशंटचं नाव नाही.

‘सक्सेस’चा खरा अर्थ एवढाच की समोरच्या यंत्राने ‘पानं मिळाली’ असा सिग्नल दिला. ती कुणी उचलली, कुठल्या खात्याकडे गेली, हे फॅक्सला कळत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे हेच देशपातळीवर गाजलं होतं. महबूबा मुफ्तींनी सरकार स्थापनेचा दावा फॅक्सने पाठवायचा प्रयत्न केला, तो जम्मू-काश्मीरच्या राजभवनात पोचला नाही आणि त्याच संध्याकाळी विधानसभा बरखास्त झाली. ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला कुणी नव्हतं, असं राज्यपाल सत्यपाल मलिकांनी सांगितलं. लोक हसले. आमच्या ऑफिसात कुणी हसलं नाही, कारण आमची दर सोमवारची रड तीच. म्हणून महत्त्वाचा फॅक्स गेला की दोन-तीन कामकाजाच्या दिवसांनी फोन करायचा, ‘रिसीव्ह्ड’ म्हणाले तर कॉलचा रेफरन्स नंबर घ्यायचा.

घड्याळ भारताचं ठेवणं

छोटी चूक, पण तापदायक. खातं उघडताना टाइम झोन आपोआप भारताचा बसतो. न्यू जर्सीत ३१ मार्चच्या रात्री अकराला आपण शेवटच्या दिवसाचा फॅक्स पाठवला, तर आपल्याकडे १ एप्रिलच्या सकाळचे साडेआठ झालेले असतात. रिपोर्टवर १ एप्रिल छापून येतं, आणि मग मुदत हुकल्याचा पुरावा आपणच स्वतःच्या हाताने दिल्यासारखं होतं. खातं क्लायंटच्या टाइम झोनवर ठेवा. क्लायंट तीन टाइम झोनमध्ये असतील तर प्रत्येक नंबरला वेगळा झोन लावता येतो का, ते घेण्याआधी बघा.

‘हिपा कम्प्लायंट’चा बिल्ला बघून विश्वास टाकणं

हा बिल्ला सगळ्यांच्या वेबसाइटवर असतो. हिपा हा अमेरिकेचा १९९६ चा कायदा, पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावणारा. त्याखाली सरकार कुठल्याही सॉफ्टवेअरला सर्टिफिकेट देत नाही. म्हणजे तो बिल्ला त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला आहे. तुम्हाला हवा पेशंटची माहिती जपण्याचा करार, बीएए, म्हणजे बिझनेस असोसिएट अ‍ॅग्रीमेंट, सहीचा.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. "आमचा क्लिनिकबरोबर बीएए झालाय की," असं मला एका मित्राने अगदी आत्मविश्वासाने सांगितलं. तो झालाय, छान. पण फॅक्स सेवा ही आपली सबकॉन्ट्रॅक्टर. २०१३ च्या नियमांपासून ही साखळी खालपर्यंत जाते, त्यामुळे तिच्याशी आपला वेगळा बीएए लागतो. टपाल खातं पाकीट नुसतं पोचवतं, तसं ‘आम्ही नुसते वाहक’ हे ऑनलाइन फॅक्सवाल्यांना म्हणता येत नाही, कारण ते आपले कागद स्वतःकडे साठवतात. बऱ्याच सेवा स्वस्त प्लॅनवर बीएए देतच नाहीत. तेव्हा किंमत मांडायची ती बीएए मिळणाऱ्या प्लॅनची. फुकटवाल्या सेवा तर पेशंटच्या कागदांसाठी उघडूच नका.

बीएए झाला तरी दोन भोकं आपणच पाडतो. एक, आलेला फॅक्स सगळ्यांच्या ईमेलवर अटॅचमेंट म्हणून पाठवायची सोय चालू ठेवणं. कुणाचा तरी पर्सनल मोबाइल त्या मेलला जोडलेला असतोच. सेटिंगमध्ये ‘फक्त सूचना पाठवा, फाइल नाही’ असा पर्याय असतो, तो निवडा. दोन, आठ जणांना एकच लॉगिन. माणशी पैसे वाचतात खरे, पण चुकीच्या नंबरवर एका पेशंटचा रिपोर्ट गेला की ‘कुणी पाठवला’ याचं उत्तर कुणाकडेच नसतं. कायद्यालाही प्रत्येकाची वेगळी ओळख लागते. आमच्याकडे हे एकदा घडलं. शेवटचे दोन आकडे उलटे टाइप झाले होते आणि फॅक्स एका फर्निचरच्या दुकानात गेला. क्लिनिकला कळवावं लागलं, नोंद करावी लागली. तेव्हापासून नंबर टाइप करायला बंदी. फक्त सेव्ह केलेल्या यादीतून निवडायचा, आणि यादीत नवीन नंबर दोघांनी तपासल्याशिवाय चढत नाही.

कव्हर पेजवर पेशंटचं नाव, जन्मतारीख काहीच नको. ते पान यंत्राच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर पडलेलं असतं.

पिवळा मार्कर

आमची एक मुलगी फार मन लावून काम करायची. ईओबीवर (क्लेमचे किती पैसे दिले, किती कापले हे सांगणारा इन्शुरन्सचा कागद) ज्या रकमेचा वाद असेल ती ओळ पिवळ्या मार्करने रंगवायची, मग स्कॅन, मग फॅक्स. इन्शुरन्सवाले तीनदा म्हणाले, "इल्लेजिबल," म्हणजे वाचता येत नाही. शेवटी मी आमच्याच दुसऱ्या नंबरवर तो फॅक्स मागवून पाहिला. सगळं पान स्वच्छ, आणि नेमकी ती ओळ काळी पट्टी! फॅक्सला रंगच काय, राखाडीसुद्धा कळत नाही. ठिपका आहे किंवा नाही, एवढंच. लक्ष वेधायचं असेल तर काळ्या पेनाने समासात बाण काढा.

तसंच रिझोल्यूशनचं. साध्या मोडमध्ये उभ्या दिशेला इंचाला फक्त ९८ ओळी, ‘फाइन’मध्ये १९६. साध्या मोडमध्ये बारीक टाइपातला इंग्रजी तीन आठसारखा दिसतो. ९९२१३ हा ऑफिस व्हिजिटचा कोड ९९२१८ वाचला गेला तर पुढची रामकहाणी तुम्हाला माहीत आहे. फाइन कायम चालू ठेवा, थोडा वेळ जास्त जातो. पीडीएफ चढवण्याआधी शुद्ध काळी-पांढरी करून घेतली की तोही भरून निघतो.

फॅक्स जातच नसेल तर

‘बिझी’ आलं तर तिकडे सोमवार सकाळ आहे का बघा. आपल्या पहाटे, म्हणजे त्यांच्या संध्याकाळनंतर, त्याच लाइन मोकळ्या असतात. पण छोट्या क्लिनिकचं कागदी यंत्र रात्री बंद असू शकतं, त्यांना त्यांच्या दिवसाच पाठवा. ‘व्हॉइस’ आलं तर तो फॅक्स नंबरच नाही, माणसाने फोन उचललाय. आपोआप पुन्हा लावणं आधी बंद करा, नाहीतर त्या बिचाऱ्याच्या कानात पाच वेळा शिट्टी वाजेल. ८० पानांचं रेकॉर्ड अर्ध्यात तुटत असेल तर वीस-वीसचे तुकडे करा आणि प्रत्येकाच्या कव्हरवर ‘४ पैकी २’ असं लिहा. एकाच नंबरवर सगळे फॅक्स फेल होत असतील आणि बाकी सगळीकडे जात असतील, तर दोष बहुतेक त्यांच्या लाइनचा. ती इंटरनेट फोनवर चालत असते आणि आवाज दाबणारी सेटिंग फॅक्सचे सूर खाते. त्यांच्याकडून दुसरा नंबर मागा.

नंबर कुणाच्या नावावर?

क्लिनिकचा फॅक्स नंबर वर्षानुवर्षं फार्मसी, लॅब, रेफर करणारे डॉक्टर यांच्याकडे लिहिलेला असतो. तो नवीन सेवेकडे पोर्ट करता येतो. पोर्ट पूर्ण होईपर्यंत जुनं खातं बंद करू नका, नंबर हातचा जातो. फॉर्मवरचं नाव-पत्ता जुन्या बिलाशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. आमचा अर्ज एकदा पत्त्यातला ‘सूट’ नंबर (इमारतीतल्या गाळ्याचा नंबर) राहिला म्हणून परत आला होता. आणि नंबर क्लिनिकच्याच नावावर ठेवा, आपल्या नाही. उद्या कॉन्ट्रॅक्ट संपलं तर नंबर अडकवून ठेवल्याचा आरोप नको.

ट्रायलच्या दिवसांत चार पानांचं गुळगुळीत पत्र पाठवून काही कळत नाही. मार्कर लावलेलं, वाकडं स्कॅन झालेलं, ४० पानांचं खरंखुरं वाटेल असं खोटं रेकॉर्ड बनवा आणि स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर मागवा. मग आपल्या शिफ्टमध्ये, पहाटे तीनला, सपोर्टला गाठा. सध्याच्या सेवेला आम्ही असं गाठलं तेव्हा अकराव्या मिनिटाला खराखुरा माणूस आला आणि पहिला प्रश्न त्याने विचारला, "सीएसआयडी काय दाखवतोय?" पानाचा दर यादीत दुसऱ्या क्रमांकाचा महाग होता. त्याच रात्री कार्ड टाकलं.