चाळिशीनंतर पिस्तुलाची माशी धूसर दिसते?

चाळिशी लागली की पेपर लांब धरावा लागतो. पिस्तुलाचंही तेच: पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) धूसर आणि दहा मीटरवरच्या लक्ष्याचं काळं वर्तुळ लख्ख. हवं असतं नेमकं उलट! लगेच साइट (नेम धरायची माशी-खाचेची जोडी) बदलायला धावू नका. हात ताठ करून डोळा ते माशी अंतर टेपने मोजून घ्या, साधारण पाऊण ते एक मीटर भरेल, आणि तो आकडा चष्मेवाल्याला सांगा. लांबच्या नंबरात बहुधा अर्धा-पाऊण डायॉप्टर (भिंगाच्या नंबराचं एकक) वाढवला की काम होतं. वाचायचा चष्मा इथे कुचकामी.

मग साइटची मागची खाच, जिच्यातून माशी बघतो ती, जरा रुंद करा. माशीच्या दोन्ही अंगांना उजेडाची फट दिसायलाच हवी. आमच्या रत्नागिरीत आषाढात दुपारी चारलाच शेडमध्ये काळोखतं, तेव्हा अरुंद खाचेत माशी पार बुडते.

लाल ठिपक्याची साइट, म्हणजे काचेत उजेडाचा ठिपका दाखवणारी, सोयीची, पण एअर पिस्तुलाच्या ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धेत चालत नाही. त्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या असमान गोलाईचा दोष) असेल तर ठिपका फिसकटलेल्या कुंकवासारखा दिसतो. पिस्तूल रिकामं करून तो ठिपका मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. तिथे गोल दिसला तर दुकानदाराशी भांडू नका, दोष डोळ्यात आहे.