पिकअपच्या इंजिनाची ताकद वाढवताना: इनटेक आणि एक्झॉस्ट
सुरुवात एअर फिल्टरपासून करावी, कारण तो धुळीने माखलेला असेल तर पुढच्या खर्चात काहीच हशील नाही. नव्या इनटेकचे (इंजिनात हवा आणणाऱ्या पाइपचे) तोंड इंजिनाच्या उष्णतेपासून दूर ठेवावे. आत येणारी हवा 10 अंश सेल्सिअसने थंड असली, की तिची घनता साधारण 3 टक्क्यांनी जास्त असते. तेल लावलेल्या फिल्टरमधील जादा तेल आधी टिपून घ्यावे, अन्यथा ते एअरफ्लो सेन्सरच्या बारीक तारेवर बसून हवेचे मोजमाप चुकवते.

एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या भागात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागाला) हात न लावता त्याच्या मागचा पाइप आणि मफलर (आवाज दाबणारा डबा) तेवढे बदलावेत. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेल्या इंजिनाला फार रुंद पाइप जोडल्यास वायूंचा वेग मंदावतो आणि ओझे ओढताना लागणारा, कमी आरपीएमवरचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या कमी फेऱ्यांवरचा) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घटू शकतो. आवाज मात्र दमदार येतो, आणि अनेकांची फसगत तिथेच होते. शेवटी इंजिन गार असतानाच सुरू करून प्रत्येक जोडाशी फुसफुस ऐकू येते का, ते तपासावे.