शिरोलीला डबा पोचण्याआधी: ओपन सोर्स लायसन्सची तयारी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीला (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याला) सॉफ्टवेअर द्यायचं ठरलं, की कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), ट्रेनिंगची तारीख सगळ्यावर बोलणं होतं. आत वापरलेल्या ओपन सोर्स, म्हणजे इतरांनी ठराविक अटींवर खुल्या केलेल्या कोडच्या, घटकांवर मात्र ग्राहकाचा ऑडिटर विचारेपर्यंत कोणी बोलत नाही. एखादा घटक बदलायला आठवडे जातात, म्हणून डिलिव्हरीच्या निदान महिनाभर आधी बसा. उदाहरणाला कास्टिंगमधले ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) कॅमेऱ्यानं हेरणारी प्रणाली धरू: शॉप फ्लोअरवर लिनक्सचा छोटा डबा (संगणक), तुमच्या सर्व्हरवर रिपोर्टचं वेब अ‍ॅप, सुपरवायझरच्या फोनवर मोबाइल अ‍ॅप.

आधी कागदावर लिहा, यातला कोणता भाग कोणाच्या हातात जातो. बहुतेक घोळ इथेच होतात. जीपीएल या लायसन्सच्या सोर्स (मूळ कोड) देण्याच्या अटी प्रत दुसऱ्याला दिली की लागतात. स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं तर नाही. डबा आणि मोबाइल अ‍ॅप ग्राहकाकडे जातात, म्हणजे तिथे लागू. एजीपीएल या त्याच्या कडक भावंडात सर्व्हरची ही पळवाट नाही: बदललेला प्रोग्रॅम लोक नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्यांनाही सोर्स द्यावा लागतो. आणि ‘जीपीएल म्हणजे विकायचं नाही’ ही समजूत सोडा. सॉफ्टवेअरचा भाग म्हणून विकायला कुठलंही ओपन सोर्स लायसन्स अडवत नाही.

मग यादी. हातानं करू नका. तुम्ही तीस पॅकेजेस घेतलेली असतात, त्यांच्या पोटातून शेकडो येतात. पायथनला पिप-लायसन्सेस, नोडला लायसन्स-चेकर, आणि कॉपी करून टाकलेल्या फाइल्ससाठी स्कॅनकोड चालवा. नाव, नेमकी आवृत्ती, लायसन्स असे तीन रकाने पुरतात. आवृत्ती का? रेडिस (डेटा साठवणारं सॉफ्टवेअर) 7.2 पर्यंत बीएसडी या सैल लायसन्सवर होतं, मार्च 2024 मध्ये ते बदललं आणि 7.4 ओपन सोर्स राहिलं नाही. 2025 च्या आठव्या आवृत्तीत एजीपीएलचा पर्याय आला. लायसन्सच नसलेली गिटहबवरची रेपो (कोडचं भांडार) ‘मोकळी’ नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, त्यामुळे परवानगी लिहिलेली नसेल तर ती नाहीच. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेले तुकडेही सीसी बाय-एसए (श्रेय द्या, त्याच अटींवर वाटा) खाली येतात, तेही यादीत घ्या.

एमआयटी, बीएसडी, अपाची वाल्यांचं काम तासाभराचं: कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर मॅन्युअलमध्ये किंवा ‘अबाउट’ स्क्रीनवर घाला. अपाची 2.0 मध्ये नोटिस फाइल असेल तर तीही द्या आणि बदललेल्या फाइल्सवर तशी नोंद करा. मात्र अपाची 2.0 चा कोड ‘फक्त जीपीएल 2’ असं लिहिलेल्या कोडमध्ये मिसळता येत नाही, जीपीएल 3 मध्ये येतो.

खरा वेळ एजीपीएलला द्या. ब्लोहोल ओळखायला बहुतेकजण अल्ट्रालिटिक्सचं योलो (चित्रातल्या वस्तू ओळखणारं मॉडेल) उचलतात, पीडीएफला आयटेक्स्ट किंवा घोस्टस्क्रिप्ट. तिन्ही एजीपीएलवर आहेत, तिन्हींचं व्यावसायिक लायसन्स विकत मिळतं. एक तर ते विकत घ्या, नाही तर स्वतःचा कोड खुला करा, नाही तर घटक बदला: योलोएक्स अपाची 2.0 वर आहे, पीडीएफला रिपोर्टलॅबची बीएसडी आवृत्ती चालते. योलो बदललंत तर मॉडेल नव्यानं ट्रेन करावं लागेल. महिनाभर आधी बसायचं ते यासाठीच.

डब्यातला लिनक्स कर्नल (गाभा) आणि बिझीबॉक्स (छोट्या कमांडचा संच) जीपीएल 2 वर आहेत. डब्यासोबत त्यांचा सोर्स द्या, किंवा किमान 3 वर्षं सोर्स पुरवण्याची लेखी हमी. ‘कर्नलच्या साइटवर मिळेल’ असं लिहून चालत नाही. डब्यात जे चढलं तेच, पॅच, कॉन्फिग आणि बिल्ड स्क्रिप्टसकट, लागतं. म्हणून प्रत्येक रिलीजला ते गठ्ठा बांधून जपून ठेवा. तुमचं अ‍ॅप नुसतं कर्नलवर चालत असेल तर ते यात येत नाही. कर्नल मॉड्यूल लिहिलंत तर वकिलाला विचारा.

क्यूटीसारखी (स्क्रीन बनवायची) लायब्ररी एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य भावंडावर असेल तर डायनॅमिक लिंक करा, म्हणजे वेगळी फाइल ठेवून चालवताना जोडा. स्टॅटिक केलंत, म्हणजे आपल्याच फाइलीत मिसळलंत, तर ग्राहकाला पुन्हा लिंक करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइल्स द्याव्या लागतात. आणि तुमच्या करारातलं ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला बंदी’ हे वाक्य एलजीपीएलच्या अटीशी भांडतं, त्या घटकापुरती सूट लिहा. एफएफएमपेग (व्हिडिओ हाताळणारं) मुळात एलजीपीएल आहे, पण बिल्ड करताना ‘एनेबल-जीपीएल’ दिलं की अख्खं जीपीएल होतं, ‘एनेबल-नॉनफ्री’ दिलं तर वाटताच येत नाही. तयार बायनरी घेतलीत तर कॉन्फिगरेशनची ओळ वाचा.

मराठी रिपोर्टचा फॉन्टही तपासा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी ओएफएल या फॉन्टच्या खुल्या लायसन्सवर आहेत, सॉफ्टवेअरसोबत देता येतात. नुसता फॉन्ट विकता येत नाही. डीटीपीच्या पीसीवरून उचललेला नको.

शेवटी पीओच्या मागची बारीक अक्षरं. ‘संपूर्ण कोडची मालकी ग्राहकाकडे’ असं असेल तर सही करू नका. दुसऱ्याचा कोड तुम्ही कोणाच्या नावावर करणार? ‘ओपन सोर्स घटक वगळून’ एवढी भर घाला आणि तुमची यादी परिशिष्ट म्हणून जोडा. सोर्स मागायला एक ईमेल द्या, तो कोणी तरी रोज उघडू दे. जीपीएल 3 मध्ये पहिलीच चूक असेल तर नोटिशीनंतर 30 दिवसांत सुधारता येते. जीपीएल 2 च्या मूळ मजकुरात अट मोडली की हक्क तिथेच संपतो.