डॉज-बर्न शिकताना: टूल नको, लेअर घ्या

ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवर काम सुरू करणाऱ्यांना मी आधी फोटोशॉपमधली डॉज (भाग उजळणारं) आणि बर्न (भाग गडद करणारं) ही तयार टूल्स बाजूला ठेवायला सांगतो. मूळ लेअरवर (थरावर) चालवली की ती पिक्सेलच बदलतात. फाइल सेव्ह करून बंद केली की परतीची वाट नाही. वेगळ्या लेअरवर केलेलं काम महिन्याभरानेही कमी-जास्त करता येतं.

रुळलेली पद्धत सोपी आहे. फोटोच्या वर नवा लेअर, ब्लेंड मोड (वरचा लेअर खालच्यात कसा मिसळतो ते) ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट, आणि त्यात ५० टक्के करडा रंग. या मोडमध्ये तो करडा दिसतच नाही. मग मऊ कडेचा ब्रश, फ्लो (ब्रशमधून रंग सुटण्याचा वेग) ५ टक्क्यांच्या आसपास: पांढऱ्याने उजळायचं, काळ्याने गडद करायचं. जास्त झालं तर त्याच करड्याने पुसायचं.

मी मात्र हल्ली कर्व्ह्जच (वक्ररेषा ओढून उजेड-अंधार बदलणारं साधन) वापरतो. ओव्हरले पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या पिक्सेलला हातच लावत नाही. जळालेल्या, म्हणजे पूर्ण पांढऱ्या पडलेल्या आकाशावर कितीही काळं फासा, ढिम्म! त्यापेक्षा कर्व्ह्जचे दोन अ‍ॅडजस्टमेंट लेअर घ्या, एक उजळणारा, एक गडद करणारा. दोन्हींचे मास्क (परिणाम कुठे दिसेल ते ठरवणारे; काळा लपवतो, पांढरा दाखवतो) कंट्रोल-आय दाबून काळे करा आणि हवं तिथेच पांढरा ब्रश फिरवा. दोघांची ओपॅसिटी (परिणामाची तीव्रता) स्वतंत्र राहते, हा मोठा फायदा. गडद कर्व्हचं वरचं टोक खाली ओढलं तर जळालेल्या भागावरही करडी छटा चढते. तपशील अर्थातच येत नाही, त्यासाठी रॉ फाइलकडेच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलकडे) जावं लागतं.

फाइल १६ बिटची ठेवा. ८ बिटमध्ये करड्याच्या जेमतेम २५६ पायऱ्या, आणि आकाशाची ओढाताण केली की पट्टे उमटतात.

हे सगळं तासाभरात जमतं. ब्रश नेमका कुठे फिरवायचा, हे शिकायला खरा वेळ लागतो. फोटो स्क्रीनवर अगदी छोटा करा, डोळे किलकिले करा आणि नजर आधी कुठे जाते ते पाहा. नवशिका चेहरा उजळत बसतो. बहुतेकदा चेहऱ्याला फारसं काही लागत नाही. मागची उजळ भिंत, कोपऱ्यातला पांढरा कपडा दाबला की चेहरा आपोआप पुढे येतो. कडांजवळ मात्र जपून. ब्रश सांडला की डोक्याभोवती देवाच्या तसबिरीसारखी प्रभावळ दिसते, म्हणून तिथे आधी सिलेक्शन करा.

किती गडद, याला एकच उत्तर नाही. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली टिपलेल्या न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावच्या चंद्रोदयाच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश बरंच फिकट आहे; पुढच्या दशकांत त्यांनी ते जवळजवळ काळं केलं. निगेटिव्ह तीच.

माझं आकाश रात्री नेहमी जास्तच काळं होतं, म्हणून ओपॅसिटीचा आकडा मी दुसऱ्या दिवशी ठरवतो. फोटो छापायचा असेल तर मॉनिटरचा ब्राइटनेस आधीच उतरवा आणि सावल्यांच्या भागाची एक छोटी चाचणी प्रिंट काढा. झगझगीत स्क्रीनवर छान दिसलेल्या सावल्या कागदावर बुजतात.