हवामानाच्या कामासाठी कामगार संघटनेत येताय? आधी मजुरीचा हिशेब समजून घ्या

या कामात नव्याने येणारे बरेच जण पर्यावरणाच्या बाजूने येतात. हातात तक्ते, डोक्यात तापमानवाढ दीड अंशावर रोखायचं गणित. बैठकीत लोक शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "मग हजेरीचं काय?" मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता बैठकीची सुरुवातच तिथून करतो.

उन्हाचंच घ्या. 'दुपारी काम बंद ठेवा' ही मागणी कागदावर बिनतोड दिसते. पण रोजंदारीवर किंवा नगावर काम करणाऱ्याला बिनपगारी विश्रांती म्हणजे मजुरीत कपात. पहाटे काम सुरू करा म्हणावं, तर त्या वेळी पाणी भरायचं कोणी, मुलांकडे बघायचं कोणी, कामावर यायला वाहन कुठलं? बायका पाणी कमी का पितात, हे विचारा. उत्तर बहुधा संडासापाशी येऊन थांबतं, कारण कामाच्या जागी तो नसतो. म्हणून सावली, पाणी, संडास आणि भरपगारी विश्रांती एकाच मागणीपत्रात हवी. नुसत्या तापमानावरही भिस्त ठेवू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तोच पारा जास्त जाचतो. आर्द्रता, ऊन आणि वारा धरून काढलेला 'वेट बल्ब ग्लोब' निर्देशांक मागा.

इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत उभारलेल्या 'सेवा' या असंघटित कष्टकरी बायकांच्या संघटनेने अलीकडे उष्णतेत बुडणाऱ्या रोजासाठी विमा आणला. पारा ठरावीक आकड्यावर गेला की पैसे मिळतात, नुकसान सिद्ध करत बसावं लागत नाही. खरी घासाघीस त्या आकड्यावर असते. तो फार वर ठेवला तर विमा कागदावरच राहतो.

वस्ती आणि संघटना एकत्र कशा येतात, हे समजायला मी नव्यांना सिडनीचा १९७१चा किस्सा सांगतो. केलीज बुश नावाचं झाडीचं रान वाचवण्यासाठी तिथल्या बायका बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेल्या. बायका सुखवस्तू भागातल्या, मजूर डाव्या विचारांचे; एरवी त्यांची गाठ पडली नसती. संघटनेने लगेच होकार दिला नाही. आधी जाहीर सभा घ्या, लोकांना हे हवंय हे दाखवा, अशी अट घातली. सभा झाली, मगच मजुरांनी तिथे काम करायला नकार दिला. रान वाचलं. 'ग्रीन बॅन'ची, म्हणजे निसर्ग वाचवण्यासाठी मजुरांनी काम नाकारण्याची, सुरुवात ही, आणि संघटनेचे नेते जॅक मंडी यांचं नाव त्यातूनच जगभर गेलं. मला यातली अट सगळ्यात मोलाची वाटते. रोज बुडणार मजुराचा, तर मागणी खरंच लोकांची आहे ना, हे विचारायचा हक्कही त्याचाच.

कारखाना प्रदूषण करतो म्हणून बंद करा, असं म्हणताना हीच कसोटी लावा. 'न्याय्य संक्रमण', म्हणजे प्रदूषण करणारे उद्योग बदलताना कामगाराला वाऱ्यावर न सोडणं, हा शब्द २०१५च्या पॅरिस हवामान कराराच्या प्रस्तावनेत आहे. पण बंद होणाऱ्या फाटकापाशी उभ्या माणसाला पुढच्या महिन्याचा पगार कोण देणार, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पत्रकं, फोटो, समाजमाध्यमं यांत फार वेळ घालवू नका. कच्ची नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, काम कोणतं, चक्कर कोणाला आली, त्या दिवसाचा खाडा धरला का. नावांची यादी मात्र कुणाच्याही फोनवर फिरू देऊ नका. निवेदनावर पहिली सही करणाऱ्याचं काम सगळ्यात आधी जातं, त्यामुळे सह्या गोलात घ्या.